वाक्पारुष्याचे दरपत्रक

१

दलित साहित्याची भाषा कठोर आहे, ही तक्रार मराठी समीक्षेत आता पन्नास वर्षांची झाली. तिला उत्तरेही पुष्कळ दिली गेली आहेत. जगणेच कठोर होते म्हणून भाषा कठोर झाली, हे त्यांपैकी सर्वांत रुळलेले उत्तर. मला ते अपुरे वाटते. त्यात आपण तक्रार करणाऱ्याची मोजपट्टी मुकाट्याने मान्य करतो आणि शिक्षेत थोडी सूट मागतो. खरा प्रश्न त्या मोजपट्टीचाच आहे. कठोर बोलण्याला मराठीत जी असंख्य नावे आहेत, ती कोणाच्या बोलण्याला लावली जातात आणि कोणाच्या बोलण्याला सहसा लावली जात नाहीत, हे एकदा नीट तपासले पाहिजे. ते तपासले की हा वाद भाषेच्या सौष्ठवाचा राहत नाही. तो बोलण्याच्या अधिकाराचा होतो.

मी नागपुरात पदवीच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवतो. वाक्प्रचारांच्या एका तासाला मी मुलांना कडक टीकेसाठी मराठीत असलेले शब्द सांगायला सांगितले. फळा भरून गेला. समज देणे, कानउघाडणी करणे, खडसावणे, जाब विचारणे, हजेरी घेणे, झाडाझडती घेणे, ताशेरे ओढणे, कोरडे ओढणे, खरपूस समाचार घेणे, झोड उठवणे, वाभाडे काढणे, लक्तरे वेशीवर टांगणे, बिनपाण्याने करणे, तोंडसुख घेणे, आगपाखड करणे, गरळ ओकणे, थयथयाट करणे, आकांडतांडव करणे, शिव्यांची लाखोली वाहणे, कोल्हेकुई करणे.

मग मी विचारले, न्यायमूर्ती सरकारला बोलले तर काय म्हणाल? ‘ताशेरे ओढले.’ साहेब कारकुनाला बोलला तर? ‘कानउघाडणी केली.’ नामवंत संपादकाने मंत्र्यावर लिहिले तर? ‘खरपूस समाचार घेतला.’ आणि सफाई कामगारांच्या सभेत एका कामगाराने त्याच मंत्र्याविषयी तेच सांगितले तर? वर्ग थोडा वेळ गप्प झाला आणि मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘आगपाखड केली.’ कोणी हसले नाही. ही वाटणी त्या मुलांना कोणी शिकवली नव्हती. पाठ्यपुस्तकात ती नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता, भाषणे ऐकता ऐकता ती त्यांच्यात उतरली होती. आणि त्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले आपल्याच वस्त्यांतून आलेली होती.

२

या शब्दांची कुळे पाहिली तर वाटणीचे कारण कळते.

शब्दांचा एक गट कचेरीतून, न्यायालयातून, शाळेतून आणि पोलीस चौकीतून आला आहे. हजेरी घेतो तो मास्तर, साहेब किंवा फौजदार. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला, आणि पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींतल्या माणसांना पोलिसांपुढे हजेरी देणे भाग पडले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ज्यांचे आजोबा अशी हजेरी देत आले, त्यांच्या नातवाने एखाद्या मान्यवर लेखकाची ‘हजेरी घेतली’ असे मराठी समीक्षक लिहिताना मला क्वचितच दिसला आहे. झाडाझडतीचेही तेच. पालांची झाडाझडती होते. पालातला माणूस कोणाची झाडाझडती घेत नाही. ताशेरे न्यायासनावरून ओढले जातात. समज वरिष्ठ देतो. या सर्व शब्दांत बोलणारा वर बसलेला आहे आणि ऐकणारा आधीच दोषी ठरलेला आहे.

दुसरा गट शरीरातून, जनावरांतून आणि लेकरांच्या हट्टातून आला आहे. गरळ साप ओकतो. कोल्हेकुई कोल्ह्यांची. थयथयाट हट्टी पोर करते. तोंडसुख म्हणजे जिभेची चैन. आगपाखड करणारा सुपात धान्य घेत नाही, विस्तव घेतो. या शब्दांत बोलण्याला आशयच ठेवलेला नाही. ताशेरे ओढले म्हटले की कोणत्या कारणासाठी, असे पुढे विचारता येते. गरळ ओकली म्हटल्यावर कारण कोणी विचारत नाही. माणूस फक्त चार पावले दूर सरकतो. पहिल्या गटातले शब्द ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला लावतात. दुसऱ्या गटातले शब्द त्याला उत्तर देण्यापासून सोडवतात.

कोणी म्हणेल की गरळ आणि आगपाखड हे शब्द सवर्ण पुढाऱ्यांनाही लावले जातात. लावले जातात, हे खरे आहे. पण तेव्हा ते त्या एका भाषणाला लावलेले असतात. आमच्या बाबतीत हे शब्द भाषणाच्या आधीच सभेत येऊन बसतात.

शाप आणि तळतळाट ही जोडी पाहा. ऋषी शाप देतो. त्याला विधी आहे, हातात पाणी आहे, पोथ्यांत जागा आहे, आणि तो फळलाच पाहिजे असा नियम आहे. वस्तीतली बाई जमीन बळकावणाऱ्याच्या नावाने बोटे मोडते, तेव्हा तिच्या तोंडून निघतो तो तळतळाट. तिने त्या माणसावर आरोपच केलेला असतो. पण भाषेने आरोपातला माणूस बाजूला काढला आणि बाईच्या पोटातली जळजळ तेवढी शिल्लक ठेवली.

काही शब्दांत तर आडपडदाही नाही. लेखकाच्या भाषेत दोन बोलींची सरमिसळ झाली की तिला ‘धेडगुजरी’ म्हणण्याची पद्धत आहे. निरर्थक खोलात शिरणाऱ्याला ‘चांभारचौकशी’ करतो म्हणतात. दोन्ही शब्दांच्या पोटात जातीची नावे आहेत, आणि दोन्ही शब्द सुशिक्षितांच्या लिखाणात, समीक्षेतही, निर्धास्तपणे वावरतात. दलित कवीच्या तोंडच्या शिवीवर परिसंवाद घेणाऱ्यांना आपल्याच निबंधातली ही शिवी ऐकू येत नाही.

३

हा प्रकार नवा नाही. त्याची लेखी परंपरा आहे. कठोर बोलण्याला धर्मशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ असे नाव आहे. खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत पारुष्य आहे, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे दर ठरवून दिलेले आहेत. क्षत्रिय ब्राह्मणाला टाकून बोलला तर त्याला १०० पण दंड. वैश्य बोलला तर १५० किंवा २००. शूद्राला दंड नाही, देहाची शिक्षा. आता उलट बाजू पाहा. ब्राह्मण क्षत्रियाला बोलला तर ५०, वैश्याला बोलला तर २५ आणि शूद्राला बोलला तर १२ पण. शब्द तोच राहतो. किंमत बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जातीवरून ठरते.

पुढचे श्लोक आपल्याला ऐकून माहीत आहेत. द्विजाला कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी. नाव आणि जात घेऊन उपमर्द करणाऱ्याच्या तोंडात दहा बोटे लांबीचा तापलेला लोखंडी खिळा घालावा. आणि जो उद्दामपणे ब्राह्मणांना धर्म सांगू लागेल, त्याच्या तोंडात आणि कानांत राजाने तापलेले तेल ओतावे. या शेवटच्या कलमाकडे समीक्षेच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. इथे शिवी नाही, उपमर्द नाही. धर्म सांगणे, म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावून दाखवणे, एवढाच अपराध आहे. खालच्या माणसाने अर्थ सांगितला की ते सांगणेच पारुष्यात मोडते.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. पोथी जळाली. दरपत्रक मात्र शब्दांच्या रूपाने मागे उरले. मराठी समीक्षेचा इतिहास वाचताना ते पानोपानी भेटते.

४

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. त्यांनी जोतीराव फुल्यांची आणि सत्यशोधक समाजाची जी संभावना केली, ती मराठी वाचकांना ठाऊक आहे. फुल्यांच्या म्हणण्याला सामोरे जाण्याऐवजी त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवणे, असा त्या लेखनाचा मोठा भाग होता. त्यात उपहास आहे, तुच्छता आहे, व्यक्तीवर थेट वार आहेत. वाक्पारुष्याच्या कोणत्याही व्याख्येत ते बसेल. पण वाङ्मयेतिहासाने त्याला कोणते शब्द दिले? ओजस्वी, बाणेदार, तडफदार. विष्णुशास्त्री ‘मराठी भाषेचे शिवाजी’ झाले. फुल्यांचे ‘ब्राह्मणांचे कसब’ १८६९ चे, ‘गुलामगिरी’ १८७३ चे, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चे. कर, वतन, कर्ज, पाटबंधारे, कोर्टकचेऱ्या यांची एवढी तपशीलवार चिकित्सा करणाऱ्या ‘असूडा’ला आणि त्याच्या लेखकाला मात्र साहित्यिक म्हणून जागा मिळायला कित्येक दशके जावी लागली. एकाचे पारुष्य शैली ठरले आणि दुसऱ्याची चिकित्सा अशिष्टपणा ठरली. दर तेच, १२ आणि जीभ.

आचार्य अत्र्यांचे उदाहरण वेगळे आहे, म्हणून ते घेतो. १९५६ मध्ये त्यांनी दैनिक ‘मराठा’ काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या लेखणीने प्रतिपक्षावर जे शब्द बरसवले ते सौम्य म्हणता येणार नाहीत. अत्र्यांविषयी आपल्या मनात आदर आहे. महात्मा फुल्यांवर त्यांनी चित्रपट काढला, बाबासाहेबांवर त्यांनी मनापासून प्रेम केले. मुद्दा अत्र्यांच्या दोषाचा नाही. मुद्दा असा की अत्र्यांच्या त्या भाषेला महाराष्ट्राने ‘घणाघाती’ म्हटले, तिचे किस्से केले, ते चवीने एकमेकांना सांगितले. म्हणजे कठोर शब्दाचा आस्वाद घेण्याची ताकद मराठी वाचकात भरपूर आहे. ही रसिकता एका विशिष्ट उंबरठ्यापाशी येऊन आटते, एवढेच.

तो उंबरठा १९७२ मध्ये स्पष्ट दिसला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या निमित्ताने ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी दोन रकमा शेजारी शेजारी ठेवल्या. दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला ५० रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्याला ३०० रुपये. या दोन रकमांच्या मधल्या अंतरात त्यांचा संपूर्ण युक्तिवाद होता. गदारोळ उठला तो त्यांनी ध्वजाविषयी वापरलेल्या शब्दांवर. सभ्यतेची चर्चा झाली, राष्ट्रप्रेमाची चर्चा झाली, तरुणांच्या भाषेची चर्चा झाली. ५० आणि ३०० यांचा हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडून पाहिला. ढाल्यांचा शब्द ‘शिवी’ ठरला की त्यांच्या आकड्यांना उत्तर देण्याची गरज संपते. वाक्पारुष्याच्या खटल्यात मूळ गुन्ह्याचा खटला असा गडप होतो.

आणखी पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड प्रकाशित केला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ होते. राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरण वगळावे म्हणून मोठे आंदोलन उभे राहिले. ते वगळू नये म्हणून १९८८ च्या आरंभी मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या ग्रंथात आहे काय? प्रश्न आहेत. ग्रंथाचे वचन, त्याच्या शेजारी दुसऱ्या ग्रंथाचे विरोधी वचन, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा अशी विचारणा. पाश्चात्त्य विद्यापीठात याला संहितेची चिकित्सा म्हणतात. आपल्याकडे ती निंदा ठरली. उकळत्या तेलाचे कलम विसाव्या शतकात असे लागू झाले.

५

शिवराळ, भडक, प्रचारकी, आक्रस्ताळी हे शब्द उघड विरोधाचे आहेत, म्हणून त्यांच्याशी लढता तरी येते. मला अधिक धोक्याचा वाटतो तो सहानुभूतीने दिलेला एक शब्द, ‘आक्रोश’. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मी दरवर्षी पाहतो. ‘गोलपिठा’ (१९७२) असो, ‘कोंडवाडा’ (१९७४) असो, की आमच्या नागपूरच्या यशवंत मनोहरांची ‘उत्थानगुंफा’ (१९७७) असो, उत्तर एकच असते. कवीने आक्रोश मांडला आहे, वेदना व्यक्त केली आहे, विद्रोहाचा हुंकार दिला आहे. नामदेव ढसाळांची शहराच्या तळातून आलेली भाषा, दया पवारांचा आत वळलेला दबका स्वर आणि मनोहरांची वैचारिक बांधणी हे तीन वेगळे प्रकार आहेत, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. कारण गाइडातल्या या तीन शब्दांनी तिघांनाही एकाच गोणीत भरले आहे. आक्रोशाला उत्तर द्यावे लागत नाही. आक्रोश करणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला की काम झाले. युक्तिवादाला मात्र उत्तर द्यावे लागते. ‘आक्रोश’ म्हणणारा समीक्षक कवीचा युक्तिवाद हळूच काढून घेतो आणि त्याच्या हातात रुमाल देतो.

त्याहूनही कडक शस्त्र मराठीत आहे आणि त्याला आवाज नाही. ‘अनुल्लेखाने मारणे’ हा खास आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला होता. या नकारात एकही कठोर शब्द नव्हता. सभ्यतेच्या कोणत्याही कसोटीवर तो उतरला असता. म्हणून कठोरपणा शब्दात शोधणाऱ्यांनी कधी कधी कोऱ्या जागेतही शोधावा.

कानाचा प्रश्नही यातलाच आहे. इंदोऱ्याच्या किंवा पाचपावलीच्या चौकात दोन मित्र भेटले की ‘काय बे, कायले उभा आहेस इथं?’ असे विचारतात. त्या ‘बे’मध्ये जवळीक आहे. तो ऐकून आमच्याकडे कोणाचा पाणउतारा होत नाही. प्रमाणभाषेत वाढलेल्या कानाला तो अरेरावीचा वाटतो, आणि मग विदर्भातल्या दलित लेखकाचे संवाद ‘ग्राम्य’ ठरतात. एका गावातला स्नेह दुसऱ्या गावात शिवी म्हणून नोंदवला जातो, आणि नोंदवही ज्याच्याकडे असते त्याचेच गाव प्रमाण मानले जाते.

६

कायद्याने हे दरपत्रक एकदा उलटे केले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे गुन्हा ठरवले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला. वर्तमानपत्रांत यालाच ‘जातिवाचक शिवीगाळ’ म्हणतात. हेही जातीवरून ठरलेले दरपत्रकच नाही का, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की मनूचा दर उंची राखण्यासाठी होता. हा कायदा ज्या शब्दाच्या मागे गावाचा बहिष्कार, बंद झालेली विहीर आणि जळालेले घर उभे असते, त्या शब्दापुरता आहे. त्याने कोणाची टीका बंद केलेली नाही. दलित लेखकाच्या पुस्तकावर, दलित पुढाऱ्याच्या राजकारणावर कोणीही कितीही कठोर लिहावे. जात काढू नये, एवढेच त्याचे म्हणणे.

पण कायदा फौजदारी आहे. तो समीक्षेला कसोटी देऊ शकत नाही. कसोटी आपली आपल्याला ठरवावी लागेल.

७

इथे आपल्याच घरातला एक आक्षेप उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात आपण बौद्ध झालो. सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे, आणि ‘फरुसा वाचा’, म्हणजे कठोर बोलणे, त्यात वर्ज्य सांगितले आहे. पालीतले फरुस आणि संस्कृतातले परुष हा एकच शब्द. मग बौद्ध लेखकाने कठोर कसे लिहावे? हा प्रश्न सवर्ण समीक्षक खोचकपणे विचारतात आणि आपले ज्येष्ठ उपासक कळकळीने विचारतात.

हाच पेच खुद्द बुद्धांपुढे टाकला गेला होता. मज्झिम निकायातल्या अभयराजकुमार सुत्तात ती कथा आहे. निगंठ नातपुत्ताने राजपुत्र अभयाला शिकवून पाठवले. तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात का, हे विचार. हो म्हणाले तर त्यांच्यात आणि सामान्य माणसात फरक काय? नाही म्हणाले तर देवदत्ताविषयी ते जे कठोर बोलले ते कसे? बुद्धांनी सरसकट होय किंवा नाही म्हटले नाही. अभयाच्या मांडीवर त्याचे लहान मूल होते. त्या मुलाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. अभय म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरून, उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. कारण मला त्याची करुणा आहे. मग बुद्धांनी नियम सांगितला. जे खोटे आहे, जे अहिताचे आहे, ते प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून बोलतात.

मनूच्या दरपत्रकाशेजारी हा नियम ठेवून पाहा. तिथे कोण कोणाला बोलला हे विचारले जाते. इथे तीन प्रश्न आहेत. खरे आहे का? हिताचे आहे का? वेळ आहे का? बोलणाऱ्याच्या जातीला यात जागा नाही आणि ऐकणाऱ्याला गोड लागते की कडू, यालाही निर्णायक जागा नाही. ‘हरिजन’ हा शब्द किती गोड होता! १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा शब्द कायद्यात घालू नये म्हणून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. प्रिय पण अहिताचा शब्द नाकारायचा असतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले. ढाल्यांच्या ५० आणि ३०० या आकड्यांना हेच तीन प्रश्न लावा. उत्तर स्वच्छ मिळते.

ही कसोटी दुसऱ्यांना लावायची आणि स्वतःला वगळायचे, असे मात्र चालणार नाही. १९७४ मध्ये पँथर फुटली. मार्क्स की बुद्ध हा त्या वेळचा प्रश्न गंभीर होता, आजही आहे. पण त्याची चर्चा किती झाली आणि एकमेकांना चिकटवलेली लेबले किती झाली, याचा हिशेब आपण कधी केला? दलाल, गद्दार, विकाऊ, ब्राह्मणाळलेला. आपल्या व्यासपीठांवर हे शब्द पुराव्याशिवाय फेकले जातात. ‘चमचा’ हा शब्द घ्या. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीरामांनी ‘द चमचा एज’ लिहिले. त्यात चमचा म्हणजे काय, तो कोणत्या निवडणूक पद्धतीतून तयार होतो, त्याचे प्रकार कोणते, हे मांडले आहे. पटो न पटो, तिथे तो शब्द एक संकल्पना आहे, त्याच्याशी वाद घालता येतो. तोच शब्द आपण सभेत एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या अंगावर टाकतो, तेव्हा त्यात काहीही उरलेले नसते. बहुधा तो अशा बाईच्या किंवा माणसाच्या वाट्याला येतो ज्याच्यामागे गट नाही. म्हणजे आपणही एक छोटे दरपत्रक बाळगून आहोत.

‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ विवरण. ज्ञानेश्वरांची ‘भावार्थदीपिका’ ही गीतेवरची टीका आहे, त्या अर्थाने. पुढे त्याच शब्दाला दोष दाखवण्याचा अर्थ चिकटला. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. अवतारकथांचा उलगडा करता करता ते त्यांच्यातला अन्याय उघडा करतात. आपल्या नागपूरच्या किसन फागू बनसोडे यांनी १९१३ मध्ये पत्र काढले, त्याचे नाव ‘विटाळ विध्वंसक’. त्याआधी, १८८८ मध्ये, गोपाळबाबा वलंगकरांच्या पुस्तिकेचे नाव होते ‘विटाळ विध्वंसन’. विध्वंस हा काही सौम्य शब्द नाही. पण कशाचा विध्वंस, हे नावातच लिहिले आहे. वार माणसावर नाही, विटाळावर आहे.

म्हणून समीक्षा लिहू लागलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना माझी एक साधी सूचना आहे. कोणाच्याही लिखाणाला शिवराळ, भडक, प्रचारकी म्हणायचे असेल, तर ज्या वाक्यासाठी म्हणता ते वाक्य समोर ठेवा आणि त्यातले खोटे काय, अहिताचे काय, हे सांगा. सांगता आले नाही तर विशेषण मागे घ्या. आणि कोणी तुमच्या लिखाणाला ‘आक्रोश’ म्हणून गौरवले, तर आभार मानून त्याला विचारा, माझ्या मुद्द्याचे उत्तर काय?